रोबोट पडतो म्हणून सेन्सर बदलू नका

प्रश्न असा आहे. देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई लिहितात की, नववीच्या मुलांनी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दोन चाकांवर स्वतःचा तोल सांभाळणारा रोबोट केला आहे. सामान असं: आर्डुइनो उनो हा छोटा संगणक-बोर्ड, कल ओळखणारा एमपीयू-६०५० सेन्सर, मोटरींना वीज पोचवणारा एल२९८एन ड्रायव्हर, गिअरच्या पिवळ्या बीओ मोटरी, दोन १८६५० रिचार्जेबल सेल. सोडला की चार-पाच सेकंद थरथरत उभा राहतो, थरथर वाढते, मग एका बाजूला पळत सुटतो आणि पडतो. कधीकधी तर पडल्यावरही चाकं फिरतच राहतात. चांगला महागातला सेन्सर घ्यावा का? आणि विषय 'इलेक्ट्रॉनिक सेन्सर तंत्रज्ञान' असल्यामुळे परीक्षकांना नेमकं काय दाखवायचं?

बाई, नमस्कार. सेन्सर बदलू नका. मी आयुष्यभर कारखान्यांतल्या मोजमापाच्या उपकरणांवर काम केलं आणि आता रत्नागिरीत राहून शाळांच्या मुलांबरोबर असे रोबोट करतो. आजवर माझ्यासमोर आलेल्या पडणाऱ्या रोबोटांत सेन्सर खरोखर बिघडलेला असा क्वचितच निघाला. ४ मिलिमीटर लांब-रुंद असलेली ती चिप तुमच्या कामासाठी पुरेशी चांगली आहे. मुलांना तिचं म्हणणं अजून नीट ऐकू आलेलं नाही, एवढंच. पैसे खर्च करायचेच असतील तर मोटरींवर करा. ते पुढे सांगतो.

आधी मुलांना बागेत न्या. आंबे काढणारा गडी झेला (फळ झेलणारी जाळी) लावलेला लांब बांबू उभा धरून चालतो, तेव्हा त्याची नजर कुठे असते ते बघायला सांगा. नजर वर शेंड्याकडे, आणि हालचाल खाली हातात आणि पायात. शेंडा ज्या बाजूला कलला, त्याच बाजूला गडी बुंधा सरकवतो. तुमच्या रोबोटने नेमकं हेच करायचं आहे: ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला चाकं पळवायची. मुलांनी पहिली तपासणी हीच करावी. रोबोट हातात धरून किंचित पुढे झुकवला तर चाकं पुढेच फिरली पाहिजेत. मोटरीच्या तारा उलट लागल्या असतील तर बाकी सगळं बरोबर असूनही काही उपयोग नाही.

त्याच गड्याच्या हातात वीतभर काटकी द्या आणि बोटावर उभी करायला सांगा, जमणार नाही. बांबू जमतो, काटकी जमत नाही, कारण उंच वस्तू सावकाश पडते. ढोबळ हिशोब सांगतो. वजन चाकाच्या आसापासून १० सेंटिमीटर उंचीवर असेल तर १ अंशाचा कल २० अंशांवर जायला साधारण ०.३७ सेकंद लागतात. वजन ४० सेंटिमीटरवर नेलं तर ०.७५ सेकंद. उंची चौपट, वेळ दुप्पट. तुमच्या फोटोत सेल अगदी तळाशी बसवलेले दिसतात. मुलांना वाटतं बूड जड केलं की वस्तू स्थिर होते. होडीच्या बाबतीत ते खरं आहे. होडीच्या तळाशी वजन घालतात, बाजूला उलांडी (होडीला समांतर तरंगणारा ओंडका) बांधतात, मग लाट आली तरी होडी आपली आपण सावरते. पण रोबोटचं वजन आसाच्या वरच आहे, ते कितीही खाली आणलं तरी तो कोसळणारच, फक्त अधिक लवकर कोसळेल. म्हणून सेल वर चढवा. फार उंच नेऊ नका, कारण एकदा जास्त कलला की सावरायला मोटरीला जास्त जोर लावावा लागतो. २० ते २५ सेंटिमीटर उंचीचा रोबोट शाळेसाठी छान.

आता सेन्सर. त्या एका चिपमध्ये दोन वेगळी इंद्रियं आहेत आणि प्रदर्शनाचा सगळा जीव त्या दोघांच्या भांडणात आहे.

पहिला ॲक्सेलरोमीटर. हा गवंड्याचा ओळंबा समजा. आत सिलिकॉनचा सूक्ष्म भार सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असतो. तो जरा सरकला की शेजारच्या पट्ट्यांबरोबरचं त्याचं अंतर बदलतं, त्याने कपॅसिटन्स (वीजभार साठवण्याची क्षमता) बदलतो आणि चिप तो मोजते. भिंतीशी शांतपणे धरलेला ओळंबा 'खाली कुठे' हे अचूक सांगतो. तोच ओळंबा चालत्या लाँचमध्ये धरा. लाँचने वेग घेतला की दोरा मागे जातो आणि सरळ उभा खांबही वाकडा भासतो. रोबोट सावरायला पुढे झेपावतो तेव्हा सेन्सरचं हेच होतं. १ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्या त्वरणाने ॲक्सेलरोमीटरचा कोन जवळजवळ ६ अंशांनी चुकतो. त्यात मोटरीची कंपनं मिसळली की आकडे नुसते उड्या मारतात.

दुसरा जायरो. हा कोन सांगत नाही, फिरण्याचा वेग सांगतो. एसटीत डोळे मिटून फोंडा घाट उतरा. प्रत्येक वळण तुम्हाला कळेल, डावं की उजवं, हळू की झटक्यात. पण दहा-बारा वळणांनंतर आपलं तोंड आता नेमकं कुठल्या दिशेला आहे, ते सांगता येणार नाही. जायरोचं तसंच आहे. क्षणाक्षणाचं तो उत्तम सांगतो, पण त्याच्या बारीक चुका एकावर एक साठत जातात. एमपीयू-६०५० हा ±२५० अंश प्रति सेकंद या पट्टीवर ठेवला तर १३१ आकडा म्हणजे १ अंश प्रति सेकंद. टेबलावर स्वस्थ पडलेला सेन्सर शून्याऐवजी १९७ दाखवत असेल, तर त्याच्या मते तो सेकंदाला दीड अंश फिरतो आहे. मिनिटभरात ९० अंश! रोबोट जागचा हललेला नाही आणि सेन्सर म्हणतोय मी आडवा झालो.

जायरो आतून कसा चालतो, हे परीक्षक हमखास विचारतात. भूगोलात मुलं शिकतात की विषुववृत्त ओलांडून येणारा वारा पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो आणि नैऋत्य मोसमी वारा होऊन जूनमध्ये आपल्या किनाऱ्यावर येऊन धडकतो. त्या वळण्यामागचा कोरिऑलिस परिणाम हाच या चिपचाही आधार आहे. आत सिलिकॉनचे सूक्ष्म भार सेकंदाला ३० हजारांच्या आसपास वेळा थरथरत असतात. चिप फिरली की थरथरणारा भार आपली वाट सोडून बाजूला ढकलला जातो, आणि हे ढकललं जाणं पुन्हा कपॅसिटन्सनेच मोजलं जातं. तुमच्या दारात पाऊस आणणारी गोष्ट नखाएवढ्या चिपमध्ये बसली आहे. देवगडच्या मुलाने हे वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर परीक्षक खुर्चीत पुढे सरकून ऐकतील.

ओळंबा क्षणापुरता खोटं बोलतो पण कायमचा नाही, जायरो क्षणापुरतं खरं बोलतो पण फार वेळ नाही. म्हणून दोघांना एकत्र ऐकायचं. त्यासाठी एक ओळ पुरते:

कोन = ०.९८ × (आधीचा कोन + जायरोचा वेग × गेलेला वेळ) + ०.०२ × ॲक्सेलरोमीटरचा कोन

याला कॉम्प्लिमेंटरी फिल्टर म्हणतात. कालमन फिल्टर या अवघड पद्धतीच्या मागे या टप्प्यावर लागू नका. नववीतल्या मुलाला ही ओळ फळ्यावर समजावता येते आणि तिच्यावर रोबोट पक्का उभा राहतो. लूप, म्हणजे प्रोग्रॅमची एक फेरी, ५ मिलिसेकंदांचा धरला तर या आकड्यांचा अर्थ असा की साधारण पाव सेकंदाच्या आतल्या हालचालीसाठी विश्वास जायरोवर, त्याहून संथ गोष्टींसाठी ओळंब्यावर. मुलांना ०.९८ च्या जागी ०.९ आणि ०.९९९ घालून बघू द्या. काय बिघडलं ते त्यांचे त्यांनाच दिसेल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. रोबोटच्या अंगावर तीन जागांचा एक सिलेक्टर स्विच बसवा. पहिल्या जागी कोन फक्त ॲक्सेलरोमीटरवरून, दुसऱ्या जागी फक्त जायरोवरून, तिसऱ्या जागी दोघांवरून. नुसता उभा राहणारा रोबोट लोक दहा सेकंद बघतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. हा स्विच फिरवला की लोक थांबतात. पहिल्या जागी रोबोट हिंवताप भरल्यासारखा थडथडतो आणि कोसळतो. दुसऱ्या जागी सुरुवातीला इतका शांत उभा राहतो की सगळ्यांना वाटतं हेच बरोबर, आणि मग तो अगदी संथपणे, आत्मविश्वासाने एका बाजूला कलत जातो, पळतो, पडतो. मालवणजवळच्या एका शाळेत, जांभ्या दगडाच्या ओटीवर आम्ही हे केलं तेव्हा सातवीतला एक मुलगा दोन्ही हात रोबोटच्या बाजूंना ओंजळीसारखे धरून बसला होता. दुसऱ्या जागी रोबोट कलायला लागल्यावर तो ओरडला, "सर, ह्येका कळणाच नाय, खंय पडता ता!" जायरोच्या साठत जाणाऱ्या चुकीचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. मग त्यानेच स्विच तिसऱ्या जागी नेला, रोबोट सरळ केला आणि सोडला. हात मात्र बराच वेळ तसेच धरून होता. बाई, सेन्सर तंत्रज्ञान दाखवायचं म्हणजे हे दाखवायचं. अल्ट्रासोनिक (आवाजाने अंतर मोजणारा सेन्सर), आयआर, ब्लूटूथ असं काही यंदा त्यावर चढवू नका. कललेल्या रोबोटचा अल्ट्रासोनिक जमिनीचंच अंतर मोजत बसतो आणि मुलांचं लक्ष भलतीकडे जातं.

आता तुमच्या रोबोटचं दुखणं. थरथर हळूहळू वाढत जाऊन पडणं, या लक्षणात माझा पहिला संशय उशिरावर जातो. तुम्ही पाठवलेल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक लूपला कोन आणि पीडब्ल्यूएम (मोटरीला किती जोर द्यायचा तो आकडा) सीरियलवर, म्हणजे संगणकाकडे जाणाऱ्या तारेवर, छापला जातोय, तोही ९६०० बॉड या गतीवर. त्या गतीने एक अक्षर जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. पंचवीस अक्षरांची ओळ म्हणजे २५ मिलिसेकंद. बफर, म्हणजे पाठवायच्या अक्षरांची साठवण, भरला की आर्डुइनो ती ओळ जाईपर्यंत खोळंबतो आणि तुमचा ५ मिलिसेकंदांचा लूप प्रत्यक्षात पाचपट लांबतो. झेलेवाल्याने शेंडा बघायचा, डोळे मिटायचे, मग पाऊल टाकायचं, तसं हे झालं. शिवाय सूत्रात 'गेलेला वेळ' ५ मिलिसेकंद असा ठोकून लिहिला असेल तर कोनही चुकीचा येतो. बॉड ११५२०० करा, दर वीस लूपांनी एकदाच छापा, प्रोग्रॅममध्ये कुठेही डिले ठेवू नका आणि लूपला खरोखर किती वेळ लागला तो मायक्रोज हे आर्डुइनोचं वेळ सांगणारं फंक्शन वापरून मोजा. सेन्सर आर्डुइनोशी ज्या तारांवरून बोलतो ती आयटूसी लाईनही १०० वरून ४०० किलोहर्ट्झवर न्या. सगळे आकडे एकदम वाचायला आधी सुमारे दीड मिलिसेकंद जात होता, तो ०.४ च्या आसपास येईल.

सेन्सरच्या आत कंपनं गाळणारा स्वतःचा एक फिल्टर असतो. तो सुमारे ४४ हर्ट्झच्या जागी ठेवा, उशीर ५ मिलिसेकंदांच्या आत राहतो. काही जण आकडे गुळगुळीत दिसावेत म्हणून तो ५ हर्ट्झवर नेतात, मग १९ मिलिसेकंद जुनी बातमी मिळते. दिसायला सुंदर, पण रोबोट पडतो. सेन्सर ब्रेडबोर्डवर डुगडुगत ठेवू नका. स्क्रूने सांगाड्याला घट्ट बसवा आणि शक्यतो चाकांच्या आसाजवळ. वर बसवला तर रोबोटच्या प्रत्येक हेलकाव्याचं त्वरण ओळंब्याच्या आकड्यात मिसळतं.

मोटरी. पिवळ्या बीओ मोटरीचं चाक बोटाने हलकेच मागेपुढे करून बघा. मोटर न फिरता चाक थोडं सैल हलतं. हा गिअरचा सैलपणा रोबोटला सरळ उभं असतानाच भोवतो, कारण तिथेच त्याला सेकंदाला अनेक वेळा दिशा बदलायची असते, आणि प्रत्येक वेळी आधी ते सैल अंतर काटावं लागतं. कितीही ट्यूनिंग करा, ही थरथर पूर्ण जात नाही. २५ मिलिमीटर व्यासाच्या मेटल गिअरच्या, एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा भाग) असलेल्या मोटरी मिळाल्या तर घ्या. एल२९८एन हा जुन्या ट्रान्झिस्टरांचा ड्रायव्हर, तो दोनएक व्होल्ट वाटेतच खातो आणि तापतो. टीबी६६१२ या ड्रायव्हरमध्ये मॉस्फेट जातीचे ट्रान्झिस्टर असल्यामुळे हे नुकसान फारच कमी. जुन्याच मोटरींवर भागवायचं असेल तर निदान एवढं करा: रोबोट उताणा ठेवून पीडब्ल्यूएम शून्यापासून वाढवत न्या आणि कुठल्या आकड्याला चाक हलायला लागतं ते दोन्ही चाकांसाठी वेगवेगळं लिहून काढा. समजा ४५ आणि ५२ आले, तर प्रोग्रॅमने शून्य सोडून कुठलाही हुकूम दिला की त्यात तेवढी भर घालायची. नाहीतर बारीक कलासाठी दिलेला हुकूम मोटरीपर्यंत पोचतच नाही.

यानंतरच पीआयडीला, म्हणजे मोटरींना किती जोर द्यायचा ते ठरवणाऱ्या सूत्राला, हात लावा. त्यात पी कलाकडे बघतो, डी कलण्याच्या वेगाकडे, आय साठत आलेल्या चुकीकडे. आय आणि डी शून्य करून पी वाढवत न्या, रोबोट उभा राहून जोरात डुलायला लागेपर्यंत. मग डी वाढवा, डुलणं निवेपर्यंत. डीसाठी कोनाची वजाबाकी करत बसू नका, जायरोचा वेग तयारच असतो, तोच वापरा. आय शेवटी, अगदी थोडा. इंटरनेटवरून उचललेले आकडे तुमच्या रोबोटला चालणार नाहीत, त्याचं वजन, उंची, चाकं सगळंच वेगळं आहे. एका मुलाकडे वही द्या, प्रत्येक प्रयोगाचे तीन आकडे आणि रोबोट किती सेकंद टिकला ते लिहायला. ती वही प्रदर्शनात टेबलावर ठेवा.

एका बाजूला पळत सुटण्याचं कारण वेगळं. एक तर तुम्ही ज्या कोनाला शून्य म्हणता तो तोलाचा कोन नाही. रोबोट हलक्या हाताने धरून जिथे तो कुठल्याच बाजूला ओढत नाही, तिथला कोन वाचा आणि तोच शून्य धरा. दुसरं कारण जायरोचं शून्य सरकणं. फिल्टर ही चूक पूर्ण पुसत नाही. वरच्या आकड्यांनी ४ अंश प्रति सेकंदाची चूक राहिली तर कोनात कायमची साधारण १ अंशाची खोट येते आणि तेवढ्यावर रोबोट चालू लागतो. हे शून्य तापमानाबरोबर बदलतं. सकाळी थंड वर्गात घेतलेलं शून्य दुपारी पत्र्याच्या मंडपात चालत नाही. म्हणून रोबोट चालू करून पाच मिनिटं तापू द्या, मग आडवा, अगदी न हलवता ठेवून हजार वाचनांची सरासरी घ्या, आणि हे प्रत्येक वेळी करा. तरीही नुसत्या कोनावर चालणाऱ्या रोबोटला आपण टेबलावर कुठे आहोत हे माहीतच नसतं. ते एन्कोडर सांगतो. चाकं किती पुढे गेली ते मोजून तेवढा उलट कल मागायचा, म्हणजे रोबोट जागेवर परत येतो. तोवर तो जमिनीवर दाखवा, टेबलावर नको.

पडल्यावरही चाकं फिरत राहतात, हे तुम्ही सहज लिहिलंत, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ही आपल्या किनाऱ्याची खास तक्रार आहे. खारी, दमट हवा जंपर वायरच्या पिना खाते. एका शाळेतला असाच रोबोट मी उघडला. सेन्सरला जाणारी वायर वरून नवी दिसत होती. भिंगाखाली धरली तर पिनेच्या मुळाशी पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवट कळंक. कॉन्टॅक्ट क्षणभर सुटला, आयटूसी अडकली, प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत तिथेच थांबला आणि मोटरींना मात्र शेवटचा हुकूम मिळालेला होता, त्या फिरत राहिल्या. तुमचंही हेच असणार असं मला वाटतं. सेन्सरच्या चारही तारा सोल्डर करा, आखूड ठेवा, मोटरीच्या तारांपासून लांब न्या. मोटरीच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडा. आयटूसी सांभाळणाऱ्या आर्डुइनोच्या 'वायर' लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत टाइमआउट (उत्तर आलं नाही तर वाट बघणं सोडायची सोय) आहे, तो आपोआप चालू नसतो, चालू करा. आणि कोन ४० अंशांच्या पलीकडे गेला की मोटरी बंद, ही ओळ प्रोग्रॅममध्ये हवीच. मुलांची बोटं त्या चाकांजवळ असतात. पावसाळ्यात रोबोट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, सेल बाहेर काढून.

परीक्षक उपयोग विचारतील. अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी डिसेंबर २००१ मध्ये लोकांसमोर आणलेली सेगवे ही दोन चाकांची गाडी याच तत्त्वावर उभी राहायची, तिचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. बागेत फवारणी करणारा ड्रोन हवेत सरळ राहतो तोही जायरो आणि ॲक्सेलरोमीटरच्या अशाच जोडीवर. पण मुलांनी आधी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवावं. आपल्या आतल्या कानात फिरणं ओळखणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, आणि शेजारीच गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारे बारीक खडे असलेले अवयव. जायरो आणि ओळंबा, दोन्ही. हर्णैच्या बंदरात हलत्या होडीत ताठ उभा राहून जाळं ओढणारा माणूस हीच दोन इंद्रियं एकत्र वापरतो, त्यात डोळ्यांची आणि पायांची भर.

सुरुवात लूपचा वेळ मोजण्यापासून करा, त्याला पैसा लागत नाही. आर्डुइनोच्या सीरियल प्लॉटरवर (आलेख काढणाऱ्या खिडकीत) ॲक्सेलरोमीटरचा, जायरोचा आणि दोघांचा मिळून अशा तिन्ही कोनांच्या रेघा एकत्र काढून त्याचा फोटो मला पाठवा. रोबोट टेबलावर आडवा ठेवून एक, आणि हातात हळूहळू डोलवून एक.